वाकायचं कुणी

नम्रतेवरचा संदेश नवागामात जरा जपून द्यावा लागतो. पुण्या-मुंबईच्या एखाद्या जुन्या, उंच छताच्या चर्चमध्ये हा विषय सहज खपून जातो. लोक माना डोलावतात, परतताना तिसऱ्याच कुणाच्या तरी गर्वाबद्दल बोलतात आणि घरी जाऊन जेवायला बसतात. नवागामात समोर बसलेल्या माणसाचा सबंध आठवडा वाकण्यातच गेलेला असतो.

हे नवागाम म्हणजे सुरतेचं नवागाम-डिंडोली. उधन्याहून भुसावळकडे जाणाऱ्या रुळांच्या कडेला पसरलेली वस्ती. दुकानांच्या पाट्या गुजराती, पण गल्लीत कान दिला तर अहिराणी ऐकू येते. अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर अशी स्टेशनं घेत येणाऱ्या गाडीनं खानदेशाचा एक मोठा तुकडा इथे आणून वसवला. कुणी लूमवर, कुणी पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये, कुणी रिंगरोडच्या मार्केटात साड्यांच्या घड्या घालायला. बायका घरी बसून साड्यांना स्टोन चिकटवतात, लेस लावतात, धागे कापतात. त्यांना नगामागे पैसे, लूमवाल्याला मीटरमागे. पाळी बारा तासांची. तुटलेला धागा जोडायला यंत्रावर वाकायचं, उचल मागायला मुकादमापुढे वाकायचं, खोलीच्या मालकापुढे, रेशनच्या खिडकीपुढे, आणि सुटीत गावी गेलं की ज्याच्याकडून लग्नाला पैसे घेतले त्याच्यापुढे.

या वस्तीत थोडी ख्रिस्ती घरंही आहेत. काही नवापूर-चिंचपाड्याकडची आदिवासी, काही नगर-जालन्याकडची, काही व्याऱ्याच्या बाजूची, गुजरातीत प्रार्थना करणारी. गच्चीवर पत्र्याचं छप्पर टाकलेल्या एका जागेत उपासना होते. गाणी मराठीत, प्रार्थना ज्याला जी येईल त्या भाषेत, आणि सूचना अहिराणीत, कारण सूचना तरी सगळ्यांना समजायला हव्यात. मीही तिथे जाते. माझी नोकरी मराठी शाळेत झाली, त्यामुळे शास्त्रपाठ वाचायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे येतं.

एका रविवारी बाहेरून आलेल्या तरुण प्रचारकानं याकोबाच्या पत्रातला चौथा अध्याय घेतला. देव गर्विष्ठांना विरोध करतो आणि लीनांवर कृपा करतो, हे त्याचं सूत्र. मुलगा तयारीनं आला होता, आवाजही चांगला होता. लूसिफरचा गर्व, नबुखद्नेस्सराचा गर्व, परुश्याचा गर्व, सगळे येऊन गेले. शेवटी त्यानं सगळ्यांना गुडघे टेकायला सांगितलं. उपासना संपल्यावर सतरंज्या गोळा करताना साड्यांना स्टोन लावणाऱ्या एक मावशी कुणालाच उद्देशून नाही अशा सुरात म्हणाल्या, "आमनं ते रोजनंच वाकनं शे. आते आखो कितलं वाकानं?"

प्रचारकाला अहिराणी येत नव्हती. तो हसून 'प्रेज द लॉर्ड' म्हणाला.

मावशींच्या त्या वाक्यावर मी बराच विचार केला आहे. त्यात कुरकुर होती असं मला वाटत नाही. हिशेब विचारल्यासारखा तो प्रश्न होता आणि ख्रिस्ती परंपरेनं त्याचं उत्तर द्यायला हवं. कारण गर्व हे सर्व पापांचं मूळ, असं या परंपरेनं फार लवकर ठरवून टाकलं. ऑगस्टीननं ते मांडलं, सहाव्या शतकात पोप ग्रेगरीनं पापांची यादी लावताना गर्वाला सगळ्या पापांची राणी केलं. त्याच शतकात बेनेडिक्टनं आपल्या मठवासीयांसाठी नम्रतेच्या बारा पायऱ्या घालून दिल्या आणि बाराव्या शतकात बर्नार्डनं त्याच पायऱ्या गर्वाकडे कशा उतरतात ते दाखवलं. थोर माणसं, शंकाच नाही. पण ही माणसं होती कोण? ऑगस्टीन सम्राटाच्या दरबारी नगरात वक्तृत्व शिकवणारा नामांकित शिक्षक. ग्रेगरी रोमच्या सरदार घराण्यातला. संन्यास घेण्याआधी शहराचा कारभार त्याच्या हाती होता. बेनेडिक्ट आणि बर्नार्ड दोघेही खानदानी. यांनी स्वतःच्या अंगातला आजार नेमका ओळखला आणि स्वतःसाठी कडू औषध तयार केलं. ते त्यांना लागूही पडलं. पुढे तीच बाटली सरसकट सगळ्यांना पाजली गेली. ज्याला आधीच रक्त कमी आहे त्यालाही.

सुरतेत या विषयाचं एक भलंमोठं दृश्य उभं आहे. कतारगाम दरवाज्याजवळच्या इंग्रज आणि डच दफनभूमीत जाऊन बघा. पहिल्यांदा गेलेल्या माणसाला वाटतं, आपण चुकून कुठल्या तरी सुलतानाच्या मकबऱ्यात शिरलो. घुमट, कमानी, खांब, वर चढायला जिने. क्रूस शोधावा लागतो. ईस्ट इंडिया कंपनीचा सुरतेचा अध्यक्ष सर जॉर्ज ऑक्झेंडन आणि त्याचा भाऊ ख्रिस्तोफर यांची समाधी सुमारे ४० फूट उंच आहे. ख्रिस्तोफर १६५९ मध्ये गेला, जॉर्ज १६६९ मध्ये. परमुलखात व्यापाराला आलेले हे नोकरदार; पण मुघल अमीर जसे मेल्यावर दिसतात तसं आपणही दिसायला हवं, नाहीतर या शहरात आपल्याला कोण विचारील, असा तो मामला होता.

तिथला ख्रिस्तोफरचा लॅटिन लेख मात्र मजेदार आहे. तो व्यापाऱ्याच्या वहीच्या भाषेत लिहिलेला आहे. हा इथे आला, वर्षं मोजण्याइतका राहिलाच नाही, दिवसच मोजता आले. मृत्यूनं हिशेब मागितला. धन्यांनो, तुमचा तोटा किती? एक चाकर. आमचा? एक सोबती. त्याचा स्वतःचा? जीव; पण पानाच्या दुसऱ्या बाजूला तो मरण हाच नफा म्हणून जमा दाखवू शकतो. ही शेवटची नोंद पौलाच्या पत्रातून घेतलेली. इतका नम्र मृत्युलेख आणि त्यावर एवढा घुमट! लेख लिहिणारा आणि घुमट बांधणारा यांची एकमेकांशी गाठ पडली नसावी.

डच मागे कसे राहतील? त्यांचा वरिष्ठ अधिकारी हेन्ड्रिक आड्रियान व्हान रेड १६९१ मध्ये सुरतेकडे येताना वारला, तेव्हा त्यांनी त्याच्यासाठी दुहेरी घुमटाची, सज्जाची समाधी बांधली. इंग्रजांच्या समाधीला खाली पाहायला लावायचं, हा त्यामागचा हेतू होता असं सुरतेच्या जुन्या वर्णनांत सांगितलं जातं. एका प्रोटेस्टंट देशानं दुसऱ्या प्रोटेस्टंट देशाला मेलेल्या माणसांच्या उंचीवरून हरवायचं.

पण इथेच थांबलो तर व्हान रेडवर अन्याय होईल. हा माणूस मलबारात अधिकारी असताना त्यानं तिथल्या वनस्पतींवर 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवून घेतला. १६७८ मध्ये निघालेल्या पहिल्या खंडात त्यानं आपल्याला ही विद्या देणाऱ्यांची नावं आणि त्यांची लेखी पत्रं छापली. इट्टी अच्युदन हा ईळवा वैद्य, आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट हे तीन कोंकणी ब्राह्मण. कोंकण्यांचं पत्र नागरी लिपीत आहे, त्यांच्याच भाषेत. त्या काळच्या युरोपीय विद्वानाला स्थानिकांची नावं गाळणं अगदी सोपं होतं. बहुतेकांनी ती गाळलीच. यानं एका अस्पृश्यासारख्या वागवल्या जाणाऱ्या जातीच्या वैद्याला आणि ब्राह्मणांना एकाच ग्रंथात गुरू म्हणून उभं केलं. समाधी त्यानं बांधली नाही, ती मागच्यांनी बांधली. म्हणून त्या दुहेरी घुमटाखाली मला गर्विष्ठ माणूस दिसत नाही. गर्व आहे तो चुन्या-विटांत.

ऑक्झेंडनचं नाव मराठी वाचकाला वेगळ्या कारणानं ठाऊक असतं. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा इंग्रजांची वखार लढवणारा तो हाच. मुघल सुभेदार किल्ल्यात जाऊन बसला, ऑक्झेंडन वखारीत पाय रोवून राहिला. कंपनीनं त्याला पुढे सुवर्णपदक दिलं. पण त्याच चार-सहा दिवसांत शहरात आणखी एक ख्रिस्ती माणूस होता, फादर अँब्रोज, कॅपुचिन संप्रदायाचा. आसिसीच्या फ्रान्सिसच्या वाटेनं चालणाऱ्या या साधूंनी स्वतःचं म्हणून काही बाळगायचं नसतं. फ्रेंच प्रवासी बर्निये लिहून ठेवतो की फादर अँब्रोजच्या मठाला महाराजांनी हात लावू दिला नाही. हे फिरंगी पाद्री भले लोक आहेत, त्यांना त्रास देऊ नका, अशी त्यांची आज्ञा होती. लुटायला आलेल्या सैन्यानं शहराची पारख केली म्हणायची. एकाकडे तोफा आणि ताठ मान, दुसऱ्याकडे रिकामं घर. दोघेही वाचले. घुमट अर्थातच पहिल्याच्या वाट्याला आला.

मला यात फादर अँब्रोज मोठे आणि ऑक्झेंडन छोटा, असं सोपं गणित मांडायचं नाही. लुटीच्या वेळी वखारीत पाय रोवून उभं राहणं हा काही गर्व नव्हे. प्रश्न असा की एखाद्याचा ताठपणा गर्व आहे की कणा आहे, हे ठरवायचं कुणी? बहुधा ते ठरवतो ज्याच्यापुढे वाकायला हवं होतं तो.

याचं मराठी ख्रिस्ती इतिहासातलं सर्वांत झगझगीत उदाहरण पंडिता रमाबाईंचं. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. पुढच्या चार-पाच वर्षांत लग्न, मुलगी, वैधव्य, पुण्यातलं काम, मग इंग्लंड. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजच्या मठात राहत असताना मुलीसह बाप्तिस्मा. वय पंचवीस. इथपर्यंत मठातल्या भगिनी आनंदात होत्या. त्यानंतर रमाबाईंनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्रैक्याचा सिद्धांत असाच का? अमुक मतप्रतिज्ञा मी मनापासून म्हणू शकत नाही तर का म्हणू? त्यांच्या आध्यात्मिक आई म्हणवणाऱ्या सिस्टर जेराल्डीन यांना या प्रश्नांत एकच गोष्ट दिसली, गर्व. नव्यानं धर्मात आलेल्या बाईनं ऐकावं, शिकावं, वाकावं. त्यांच्यातला पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपानं छापला गेला. तो वाचताना अंगावर काटा येतो. एका बाजूला जीव लावणारी, काळजी करणारी आणि तरीही स्वतःच्या उंचीचा पत्ता नसलेली इंग्रज बाई. दुसऱ्या बाजूला तिच्याच घरी राहणारी, तिचंच अन्न खाणारी, आणि विचार मात्र गहाण न टाकणारी मराठी विधवा. अन्नावरूनही ठिणगी पडायची. रमाबाई शाकाहारी राहिल्या, अंडं घातलेली खीरही खात नसत, आणि हे जातीच्या अभिमानाचं लक्षण ठरवलं गेलं.

क्रूसाचा प्रसंग तर फारच बोलका आहे. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं असावीत की नाही यावर वाद झाला. रमाबाईंचं म्हणणं असं की मला लॅटिन येत नाही, माझ्या लोकांनाही येत नाही; अक्षरं हवीतच तर संस्कृतात असू द्या. आणि पुढे त्यांनी उलटून विचारलं, की आमच्या ब्राह्मणांना जसं संस्कृत इतरांच्या तोंडी नको वाटतं तसं तुमचं लॅटिनबद्दल झालंय का? एका पुरोहितशाहीच्या जोखडातून मोठ्या कष्टानं मान सोडवून घेतली ती दुसऱ्या जोखडाखाली द्यायला नव्हे, असंही त्यांनी स्पष्ट कळवलं.

आता याला गर्व म्हणायचं का? सिस्टर जेराल्डीन म्हणाल्या. मी म्हणणार नाही, आणि याचा पुरावा त्या पत्रांत नसून केडगावला आहे. १८८९ मध्ये शारदा सदन, मग केडगावचं मुक्ती सदन. दुष्काळात रस्त्यावर पडलेल्या मुली त्यांनी उचलून आणल्या; १९०० च्या दुष्काळात तर या आमच्या गुजरातेतूनही. उवा झालेल्या, खरूज झालेल्या, चोरी करायला शिकलेल्या, रात्री किंचाळणाऱ्या मुली. कलकत्त्याच्या पंडितांना ज्यांचा संस्कृत श्लोक ऐकून विस्मय वाटला त्या बाईंनी या मुलींची अंगं धुतली, त्यांना अक्षर ओळखायला शिकवलं. आयुष्याच्या शेवटच्या पर्वात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं. हेतू असा की कमी शिकलेल्या बाईला ते कुणाच्या मदतीशिवाय कळावं. जिच्या जिभेवर संस्कृत नाचत होतं तिनं संस्कृत मुद्दाम बाजूला ठेवलं. छपाईही मुक्तीच्या छापखान्यात, खिळे जुळवायला त्याच मुली. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. भाषांतराचं काम तेवढं पुरं करून.

वाँटेजची ताठ रमा आणि केडगावची वाकलेली रमा या मला दोन बायका वाटत नाहीत. वर पाहताना जिची मान ताठ राहिली तिलाच खाली पाहताना वाकता आलं. आपल्याकडे बहुतेकांचं उलट असतं. साहेबापुढे लवून नमस्कार, आणि मोलकरणीचा कप वेगळा.

टिळकांचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून नव्हे, तर तुकाराम नथोजी या देशी पाळकांच्या हातून. आपल्या माणसाकडूनच हे व्हावं, हा त्यांचा आग्रह. त्यात देशाचा अभिमान होता आणि चित्पावनाची मान एका साध्या देशी पाळकापुढे झुकत होती, दोन्ही एकाच क्षणी. पुढे बावीस वर्षं अमेरिकन मराठी मिशनमध्ये काढून १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. मिशनच्या पैशावर उभा राहिलेला ख्रिस्ती आपल्या लोकांना परका दिसतो, हे त्यांना सलत होतं. दरबार फार चालला नाही. मे १९१९ मध्ये टिळकच गेले.

टिळकांची नम्रता मोठी होती, दानत तर अफाट. पण ती नम्रता घराला कितीला पडायची, हे कळायला लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचावी लागतात. घरात आलेला पैसा टिकायचा नाही, कुणालाही काहीही देऊन टाकायचं, अचानक कुठेही निघून जायचं, आणि रागही तितकाच सरळ. मोठ्या माणसांची विनम्रता पुष्कळदा घरातल्या बाईच्या डब्यातून खर्च होत असते. लक्ष्मीबाई हे हसत सांगतात. तक्रार करत नाहीत आणि लपवतही नाहीत. नवरा धर्म सोडून गेला तेव्हा त्यांनी सोवळं घट्ट धरलं; चार-साडेचार वर्षांनी त्याच्याकडे परतल्यावरही काही काळ पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. मग विचार करून एक दिवस ते सगळं सोडलं, आणि १९०० साली स्वतःच्या पायांनी चालत बाप्तिस्म्याला गेल्या. आपल्या सोवळ्याची त्यांनी जी थट्टा केली आहे तशी थट्टा संतपदाला चढलेल्या कुणाला जमणार नाही. मराठीत नम्रतेवर पुष्कळ प्रवचनं छापली गेली आहेत. मला विचाराल तर त्या सगळ्यांपेक्षा हे पुस्तक मोठं, कारण त्यात आपण नम्र असल्याचा उल्लेखच नाही. टिळकांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं तेव्हा उरलेला, आणि खरं तर बहुतेक सगळा भाग लिहून काढला या शाळेत न गेलेल्या बाईनं. 'ख्रिस्तायन' म्हटलं की आजही नाव निघतं ते टिळकांचं.

नवागामातल्या गच्चीवर आम्ही टिळकांची गाणी म्हणतो. ती म्हणताना लक्ष्मीबाई आठवणारी मी एकटीच असेन. बाकीच्यांना चाल आवडते.

आमच्याकडे पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी असतो. याचं एक स्थानिक कारण आहे. १८९४ मध्ये वलसाडला चर्च ऑफ द ब्रेदरनचे अमेरिकन मिशनरी आले. पुढे अंकलेश्वर, व्यारा, डांग, आणि मराठी बाजूला डहाणू, असं त्यांचं काम पसरलं. १९७० मध्ये त्यांच्या बऱ्याच मंडळ्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. या ब्रेदरन लोकांत पाय धुणं हा प्रभुभोजनाचाच भाग: आधी एकमेकांचे पाय धुवायचे, मग एकत्र जेवायचं, मग भाकर आणि प्याला. व्याऱ्याकडची घरं ही सवय घेऊन नवागामात आली आणि बाकीच्यांनी ती उचलली.

आपल्या देशात पाय धुणं नवीन नाही. गुरूचे धुतो, जावयाचे धुतो, तीर्थ म्हणून ते पाणी डोळ्यांना लावतो. खालच्यानं वरच्याचे धुवायचे, एवढा नियम ठाऊक असतो. योहानाच्या तेराव्या अध्यायात तो उलटा होतो तेव्हा पहिली हरकत घेतो पेत्र. माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत, असं तो म्हणतो. ऐकायला किती विनयशील! पण येशू त्याला तिथेच अडवतो.

आमच्या मंडळीत एक भाऊ आहेत, जॉबवर्कवाले. मार्केटमधून साड्या आणायच्या, गल्लीतल्या बायकांना वाटायच्या, तयार माल पोचवायचा. वडील म्हणून निवडलेले, प्रार्थनेला सगळ्यांच्या आधी हजर. दर पवित्र गुरुवारी परात, कोमट पाणी, टॉवेल घेऊन ते खाली बसतात आणि एकेकाचे पाय इतक्या मनापासून धुतात की बघणाऱ्याला भरून यावं. लूमवर उभं राहून शिरा सुजलेले पाय, रसायनांनी बोटांमधून सोललेले मिलवाल्यांचे पाय. स्वतःचे पाय मात्र ते कुणाला धुऊ देत नाहीत. "मी सेवक, मला नको," म्हणतात. लोकांना हे फार थोर वाटतं. मला तिथे पेत्र ऐकू येतो. शिवाय एक अडचण आहे, जी पेत्राला नव्हती. समजा भाऊ बसले आणि त्यांच्याकडे काम करणाऱ्या बाईनं त्यांचे पाय धुतले, तर त्यात उलटं काय झालं? ते तर रोजचंच. म्हणजे त्यांनी नाही म्हटलं तरी पंचाईत, हो म्हटलं तरी पंचाईत. विधी कितीही सुंदर असो, शनिवारचा हिशेब त्याला चिकटलेलाच राहतो. एका साडीमागे दोन रुपये कमी केले जातात त्या शनिवारी गुरुवारच्या कोमट पाण्याचं काय करायचं, हे योहानानं लिहून ठेवलेलं नाही.

पण याकोबानं ठेवलंय. बुधवारी संध्याकाळी आमच्या खोलीत शास्त्राभ्यास असतो. त्या प्रचारकाच्या रविवारनंतर मी सुचवलं की याकोबाचं पत्र आपणच पुढे वाचू. गंमत अशी की नम्रतेवर बोलणारे चौथ्या अध्यायावर थांबतात. पान उलटलं की पाचव्याच्या सुरुवातीलाच याकोब श्रीमंतांना धारेवर धरतो: तुमच्या शेतात कापणी केलेल्या मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि तो आवाज देवाच्या कानांपर्यंत पोचला आहे, या अर्थाचं. लीन व्हा म्हणणारा आणि मजुरी द्या म्हणणारा माणूस एकच, पत्र एकच. मूळ पत्रात अध्यायाची रेघही नव्हती, ती शेकडो वर्षांनी पडली. मरीयेच्या गीतातही हेच आहे. तिथे नम्रांना आणखी नम्र व्हायला सांगितलेलं नाही, त्यांना उचललं आहे. उतरवलंय ते सिंहासनावरच्यांना.

मी वाचून संपवलं तेव्हा भाऊ दाराशी बसले होते. कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही, म्हणजे सगळ्यांनी बघितलं. मावशींनी चष्मा पुसला आणि कुणाचं नाव न घेता विचारलं की शेतातल्या कापणीला जी मजुरी तीच साडीच्या स्टोनला धरायची का. पाळक म्हणाले, धरायची. मग डाइंगमध्ये काम करणाऱ्या एका मुलानं विचारलं, खाडे कापतात त्याचं काय. भाऊंनी आधी सांगितलं की मार्केटचा शेठच भाव पाडतो, मी काय करणार. त्यावर कुणीतरी म्हणालं की शेठ इथे येत नाही, तुम्ही येता. भाऊ रागावले. मग त्यांनी खिशातून वही काढली, आणि कुठल्या शेठनं कुठल्या डिझाइनला काय दिलं ते वाचून दाखवायला लागले. एका नगाला त्यांना किती उरतं हे त्या वहीत होतं आणि ते ऐकून दोन बायकांनी लगेच हरकत घेतली. आठला सुरू झालेला अभ्यास साडेदहापर्यंत चालला. याकोबाच्या त्या एका वचनापुढे आम्ही त्या दिवशी गेलोच नाही, आणि पुढच्या बुधवारी भाऊ वही घेऊनच आले.